पाळधीच्या पुढे गेलेली लाल गाडी

या सदरात लिहिणारे बहुतेक जण सुरुवातीला आपण नास्तिक असल्याचं सांगतात आणि तिसऱ्या परिच्छेदात कुणाच्या तरी पायाचे पंजे उलटे दिसतात. माझ्याकडे तसं काही नाही. मी जळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. घरात लिंबू आलं तर ते सरबतासाठीच, अशी माझी ख्याती. म्हणूनच ही हकिगत इतकी वर्षं लिहिली नाही. घडली ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, ऐन जानेवारीत, जळगाव-धुळे रस्त्यावर, लख्ख दिवसा. म्हणजे... लख्ख म्हणता येईल का, ते पुढे येईलच.

माझे चुलतभाऊ हिरालालभाऊ. डाळमिलचे मालक. पैसा आला की माणूस घर वाढवतो, भाऊंनी उलट गाडी लहान केली आणि दोनच सीटची, लाल रंगाची, डाव्या हाताला स्टिअरिंग असलेली परदेशी स्पोर्ट्स कार मुंबईहून आणली. विकणारे गृहस्थ तिकडे उत्तर युरोपात नोकरीला होते, येताना गाडी घेऊन आले होते. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं की तिकडे हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात आणि त्या मिठाने गाडीचं पोट खाल्लंय. भाऊंनी खालून पत्रे ठोकून घेतले. मी एकदा वाकून पाहिलं आणि म्हटलं, "भाऊ, हा तर नुसता गंज."

"गंज नाही, मास्तर. इंपोर्टेड आहे तो."

गाडीला जळगाव मानवलं नाही. उन्हाळ्यात ती तापायची, पावसाळ्यात रुसायची. गतिरोधक आला की मला खाली उतरावं लागे, मग भाऊ ती तिरपी करून, श्वास रोखून पलीकडे नेत. धुळ्याच्या दिशेने पाळधीच्या पुढे ती एकदाही गेली नाही. तिथून ट्रॅक्टरला दोर बांधून परत. दोराच्या या टोकाला भाऊ गॉगल लावून बसलेले आणि रस्त्यावरच्या लोकांना हात करत असलेले... मिरवणूक कशाला म्हणतात ते मी तेव्हा शिकलो.

त्या जानेवारीत धुळ्याला माझ्या भाचीचं, वैजूचं, लग्न होतं. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. ताईने एकटीने वाढवलं. लग्नात ताईने माझ्याकडे एकच मागितलं होतं, की मामाने आणलेली पिवळी साडी नेसून, मामाचा हात धरून वैजू बाहेर येईल. आमच्याकडे रीतच आहे ती. पण ताईला रीतीपेक्षा दुसरी काळजी होती. वैजूचे काका, आबासाहेब, वर्षानुवर्षं फिरकले नव्हते आणि आता मांडवात मालकासारखे वावरत होते. मामा नसला तर मुलीला बाहेर आणायचा मान ते घेणार, हे उघड होतं. आदल्या दिवशी कॉलेजातल्या कामामुळे मी अडकलो. पहाटेची एसटी पकडणार होतो. भाऊ म्हणाले, "एसटीने जाणारा मामा शोभतो का? मी नेतो तुला. अख्खं, बठ्ठं धुळं बघत राहील."

मी एसटी सोडली. शिकलेला माणूस कुठे फसतो ते पाहा. साडीची पेटी मांडीवर घेऊन मी त्या गाडीत बसलो, म्हणजे जवळजवळ झोपलोच. भाऊंनी डोक्याला फेटा बांधला होता, तो छताला टेकत होता. किल्ली फिरवली.

काही नाही.

पुन्हा फिरवली. पुन्हा. बॉनेट उघडलं, मिटलं, मेकॅनिकला निरोप गेला तर तो स्वतःच कुठल्या वरातीत. लग्नसराई होती, सगळ्या जीपगाड्या ठरलेल्या. आठ वाजून गेले. मुहूर्त दहाच्या सुमाराचा. पुढची एसटी पोचेपर्यंत मांडवात जेवणाच्या पंगती बसल्या असत्या. ताई दाराकडे बघत उभी असेल, हे दिसत होतं.

तेवढ्यात आमच्या वहिनी, भाऊंच्या घरच्या, बाहेर आल्या. माहेर शिरपूरकडचं, बोलणं अस्सल अहिराणी. सुनेचं बाळंतपण तोंडावर असल्यामुळे त्या लग्नाला येणार नव्हत्या. मुठीत मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या.

"बठ्ठा जळगावनी नजर लागेल शे हाई गाडीले."

"वहिनी, बॅटरी उतरलीय. दृष्ट नाही लागली."

"तुमी गप बसा, मास्तर. तुमनी इद्या सकायपाईन चालनी नई, आते काय चालनार?"

त्यांनी मूठ गाडीवरून ओवाळली. एरवी ते चुलीत टाकतात. पण घरात गॅस आलेला, चूल कधीच मोडलेली. वहिनींनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि मूठ तशीच पुढच्या चाकाखाली टाकली. "निंघा आते. मामा येवाशिवाय पोर भाईर कशी निंघी?"

भाऊंनी किल्ली फिरवली.

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. या गाडीचा खोकला मला पाठ होता, हा आवाज वेगळा होता. भाऊंचा फेटा हलला. मी मनातल्या मनात म्हटलं, बॅटरीला विसावा मिळाला, चोक बसला, योगायोग. अजूनही एवढ्यापुरतं मी तेच म्हणतो.

बांभोरीचा गिरणेचा पूल ओलांडला आणि धुकं लागलं. नदीकाठी हिवाळ्यात असतं. पाळधी कधी गेली ते कळलंच नाही. मी भाऊंकडे अभिनंदन करायला वळलो, तर ते चेहरा ताणून बसले होते. एरंडोल सोडल्यावर टायरखाली करकर सुरू झाली, जाड साखरेवरून चालावं तशी. रस्ता पांढुरका दिसत होता. दोन्ही बाजूंना, धुक्यात दिसत होतं तिथपर्यंत, पांढरं. मी म्हटलं, कापूस. मग आठवलं की वेचणी उरकून शेतं कधीच मोकळी झाली होती.

समोरून एक ट्रक नाही. एक बैलगाडी नाही. लग्नसराईत, धुळे रस्त्यावर.

एक मोठं वळण आलं. गाडीची मागची बाजू सरकली. स्टिअरिंग गर्रकन उलटं फिरलं, परत सुलटं झालं, गाडी रेषेवर आली. इतक्या सफाईने की पेटीवरची माझी पकडसुद्धा ढिली झाली नाही.

"वा, भाऊ!"

"मास्तर..." भाऊ अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी नाही फिरवलं."

त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. पण नुसते ठेवलेले, देवाच्या मूर्तीवर ठेवावेत तसे. आणि कधीही न चाललेल्या हीटरमधून पायांवर ऊब येत होती. मी घाबरलो का? खरं सांगतो, नाही. ती गाडी इतक्या आनंदात होती की घाबरायला जमेना. गोठ्यात बांधून ठेवलेलं जनावर माळावर सुटावं, तशी चालली होती. भाऊ हसायला लागले, मग मीही. दोन पोक्त माणसं, एक फेटेवाला, एक पेटीवाला, मोठमोठ्याने हसत.

धुळ्याच्या वेशीवर धुकं संपलं. ऊन, रिक्षा, सायकली, सगळं जागच्या जागी. मांडवापाशी बॅंडवाले वाजवायचं विसरले. आतून आबासाहेबांचा आवाज येत होता, "मामांची वाट किती बघायची? मी आणतो पोरीला." मी पेटी घेऊन त्यांच्या अंगावरूनच आत गेलो. ताईने माझा दंड घट्ट धरला, आणि सोडला. मुहूर्ताला थोडा अवकाश होता. पिवळी साडी नेसून वैजू बाहेर आली, हात माझ्या हातात. "मामा, हात केवढा गार आहे तुमचा," ती पुटपुटली. अंतरपाटापर्यंतची ती पावलं... माझ्या आयुष्यात मी फार ठिकाणी जिंकलेलो नाही. तिथे जिंकलो.

अक्षता पडल्यावर आबासाहेब गाडीशी उभे दिसले. चाकाच्या वरच्या पोकळीत काठी खुपसत होते. "हे काय, मास्तर? सरबताला बर्फ आणला का?"

बर्फच होता. मळका, करडा, मुठीएवढा, ऊन लागून ठिबकत असलेला. मी पेला मागून घेतला. वितळल्यावर तळाशी वाळू राहिली आणि सुईसारखं एक हिरवं पान. पाणी कॉलेजात तपासलं. साधं मीठ. वहिनींच्या मुठीतल्या मोहरीचा एक दाणा नाही. पान आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्याला दिलं. तो म्हणाला, सूचीपर्णी झाड आहे, थंड मुलखातलं, आपल्या जिल्ह्यात कुठून आणलंस? परतताना पारोळ्याला आणि एरंडोलला चहाच्या टपऱ्यांवर विचारलं. धुकं? सकाळपासून ऊन होतं म्हणाले. मिठाचा ट्रक उलटला होता का? नाही. लाल गाडी गेली का? "अशी गाडी गेली असती तर आम्ही काय चहा उकळत बसलो असतो?"

आम्ही परतलो ट्रकने, कारण गाडी धुळ्यातून हललीच नाही. ती ट्रकवर होती आणि भाऊ तिच्यात, फेट्यासकट, लोकांना हात करत. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी अंगणात मिठाचं पोतं पसरून पाहिलं. फक्त बकऱ्या आल्या.

वहिनींसमोर मी एकदा शक्यता मांडायला बसलो. गारपीट, भास, दमट हवा. त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "गाडीनी तुमले पोचाडं ना?"

पोचवलं. याहून पुढे माझ्याकडे आजही काही नाही.

निवृत्त होईपर्यंत दरवर्षी मी वर्गात शिकवत असे की मीठ मिसळलं की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणून थंड देशांत रस्त्यावर मीठ टाकतात. दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास विचारायचं, "सर, तुम्ही पाहिलाय का असा रस्ता?"

मी म्हणायचो, "हो. एरंडोल ते पारोळा."

वर्ग हसायचा. मी फळा पुसायला वळायचो.