तीन कंपन्या आणि एक कुजबूज

आमच्या नाटकमंडळीतले सगळ्यांत कमी बोलणारे गृहस्थ खरं तर सगळ्यांत जास्त बोलतात. तालमीत पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत प्रत्येकाचं बोलणं त्यांच्या ओठांत चालू असतं. पण चहाच्या वेळी "काका, साखर?" असं विचारलं तर नुसती मान हलते. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे चहा पिऊन झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखायचं.

ते आमचे प्रॉम्प्टर. डाव्या विंगेत, पडद्याच्या घडीआड त्यांची लाकडी खुर्ची असते. मांडीवर संहिता उघडी ठेवून ते बसतात आणि कुणी वाक्य विसरलं की पुढचा शब्द हळूच सरकवतात. सगळे त्यांना कुजबुजकाका म्हणतात. त्यांची कुजबूज बरोबर नटाच्या कानापाशी येऊन थांबते, पुढे एक वीतही जात नाही. पहिल्या रांगेतल्या माणसाला वाटतं, कुठेतरी पंखा फिरतोय.

तर हे काका न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर आला. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. डॉक्टरांनी सांगून टाकलं, "जिना विसरा."

आणि आमचं नवं नाटक उभं राहत होतं.

आमची दिग्दर्शिका मला घेऊन त्यांना भेटायला गेली. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो, वयानं मोठे असलेलेही. ती म्हणाली, "काका, घरून करा. खुर्चीवर आम्ही फोन ठेवतो. व्हिडिओवर आम्ही तुम्हाला दिसू, तुम्ही तिथून वाक्य द्या."

"आणि नाही जमलं तर?" काकांनी विचारलं.

"शुक्रवारच्या तालमीला करून बघू. वाक्य वेळेवर आलं, तर खुर्ची तुमचीच. उशिरा आलं, तर मात्र मला दुसरं कुणी बसवावं लागेल. प्रयोग तोंडावर आलाय हो."

तिचंही काही चुकलं नव्हतं. काकांनी मान हलवली. ही मान कशासाठी हलली, ते मात्र आम्हा दोघींनाही कळलं.

अडचण एवढीच, की त्यांच्या घरात इंटरनेट नव्हतं. दोन्ही बाजूंना उंच इमारती, त्यामुळे मोबाइलला रेंज मिळायची ती बाल्कनीच्या एका कोपऱ्यात, तीही कमरेत वाकून. खुबा मोडलेल्या माणसाला सगळं सांगा, वाकायला सांगू नका. म्हणजे कंपनी निवडून जोडणी घेणं आलं. मदतीला मला धाडलं, कारण वाक्यं सगळ्यांत जास्त मी विसरते. काका गेले, तर सगळ्यांत आधी बुडणार मीच.

पहिला विक्रेता आला तो टाय लावून, तीन जिने चढून धापा टाकत.

"काका, दोनशेचा स्पीड देतो!"

"दोनशे काय?" काकांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात विचारलं. विक्रेता पुढे झुकला. काकांशी बोलणारा प्रत्येक माणूस थोड्या वेळानं पुढे झुकतोच.

"एमबीपीएस, काका. अख्खा सिनेमा डोळ्याचं पातं लवेपर्यंत घरात."

"मला काही घरात आणायचं नाहीये. मला पाठवायचंय. चार शब्द."

"चार... शब्द?"

"हो. पण वेळेवर. समोरचा माणूस श्वास घेतो ना, तेवढ्यात. जातील?"

"जातील की. म्हणजे... ते अवलंबून असतं."

"कशावर?"

"तसं बघितलं तर... सगळ्यावरच."

काकू आतून म्हणाल्या, "अहो, आधी पाणी तरी प्यायला द्या त्याला. नोकरीची मुलाखत घेताय का?"

तो गेल्यावर काकांनी रंगीत पत्रक उलटून बाजूला ठेवलं. "पोरी, हे म्हणजे नाटकाचं पोस्टर. पोस्टर बघून नाटक कसं आहे ते कळतं का? तालीम बघायला हवी."

म्हणून त्यांनी कंपन्यांची तालीम घ्यायचं ठरवलं. त्यांच्या मजल्यावर आणखी तीन घरं, आणि देवाची करणी अशी की तिन्ही घरांत तीन वेगळ्या कंपन्या. समोर गणिताच्या शिकवणीच्या बाई, कोपऱ्यात चष्म्यांचे दुकानदार, आणि भिंतीला भिंत लागून नर्सताई. काका वॉकर टेकत एकेका घरी जाणार आणि तिथून प्रॉम्प्टिंग करणार. मी तालमीच्या हॉलवर जाऊन, खुर्चीवर फोन ठेवून, मुद्दाम वाक्य विसरणार. वेळ संध्याकाळचीच. "दुपारी सगळेच शहाण्यासारखे वागतात," काका म्हणाले. "संध्याकाळी अख्खी इमारत घरी येऊन बघत बसते. आपली तालीम तेव्हाच असते."

वाक्यही त्यांनीच निवडलं. दुसऱ्या अंकातलं, माझंच. 'दार उघडं होतं म्हणून मी आत आले, वाट चुकले म्हणून नाही.' पहिल्या तुकड्यावर मी थांबायचं, दुसरा त्यांनी द्यायचा.

शिकवणीच्या बाईंकडून पहिली तालीम. मी हॉलमध्ये उभी राहिले आणि म्हटलं, "दार उघडं होतं म्हणून मी आत आले..."

फोनमध्ये काकांचे ओठ हलले. आवाज शून्य.

मी परत म्हटलं. परत ओठ हलले. आवाज नाही.

"काका, काहीच येत नाहीये!"

"हॅलो? हॅलो?" हे मात्र लख्ख आलं. "आता ऐकू येतंय?"

"हॅलो येतंय. वाक्य येत नाही."

शिकवणीच्या बाई मागून ठसक्यात म्हणाल्या, "आमच्याकडे काहीएक बिघाड नाही. पन्नास मुलं शिकतात यावर."

काकांनी निकाल दिला. "कंपनी रद्द."

दुसऱ्या दिवशी काका चष्म्यांच्या दुकानदारांकडे गेले. तोच प्रकार. हॅलो येतं, "पोरी, जेवलीस का?" येतं, वाक्य काही येत नाही. दुसरी कंपनीही रद्द.

मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा काका खिडकीपाशी बसून विचार करत होते. "माझ्या लक्षात आलंय," ते म्हणाले. "हॅलो हा शब्द कसा, पोकळ. पटकन जातो. नाटकाचं वाक्य वजनदार असतं. तारेत अडकत असणार."

आता मी नाट्यशास्त्राची पदवीधर. मला हे पटलं. इतकं पटलं, की मी विचारलं, "मग अर्धं अर्धं करून पाठवायचं का?"

"पाठवून बघू," काका म्हणाले.

काकू दारात उभ्या राहून आम्हा दोघांकडे बघत होत्या. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं टपालखात्यात नाही गेलात ते."

तिसरी तालीम घरातूनच करायची होती, कारण नर्सताईंचं वायफाय भिंतीतून काकूंच्या स्वयंपाकघरापर्यंत येत होतं. ही कंपनी म्हणजे मागच्या गल्लीतला छोटा कारभार. नर्सताईंनी त्यांच्या लाइनमनलाही बोलावून ठेवलं होतं. तो खांद्यावर तारेचं वेटोळं घेऊन दारात उभा होता. काका स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. बुधवार होता. शुक्रवार आला की खुर्ची कोणाची ते ठरणार होतं, आणि काकांचे हात संहितेच्या कडा उगाच सरळ करत होते. हे मला फोनमध्ये दिसत होतं.

"दार उघडं होतं म्हणून मी आत आले..." मी म्हटलं.

ओठ हलले. काही नाही.

"दार उघडं होतं म्हणून मी आत आले..."

काही नाही. काकांनी चष्मा काढला. डोळे मिटले आणि परत एकदा, अगदी जीव ओतून, कुजबुजले. त्यांच्या गळ्याची शीर मला इकडे दिसली. आवाज मात्र आला नाही.

आणि तेवढ्यात फोनमधून खणखणीत ऐकू आलं, "वाट चुकले म्हणून नाही!"

काकू होत्या. ओट्याशी पाठमोऱ्या, हातात घासलेलं पातेलं. वळूनही न बघता त्यांनी वाक्य दिलं होतं. तेही अचूक, माझा श्वास पुरा व्हायच्या आत.

"ऐकू आलं!" मी ओरडले. "काकू, स्पष्ट ऐकू आलं!"

काका थक्क झाले. "तुला कसं येतं हे वाक्य?"

"कसं म्हणजे? महिनाभर उशीवर डोकं ठेवून तेच तर पुटपुटताय. भांडतानासुद्धा कुजबुजता तुम्ही. मला अजून कळलेलं नाही, आपली भांडणं नेमकी कशावरून झाली."

लाइनमन मात्र हसला नाही. तो आत आला आणि काकांच्या शेजारी वाकून म्हणाला, "काका, परत बोला बरं ते तुमचं."

काका कुजबुजले.

"हां. काका, तार चोख आहे. फोन घोळ घालतोय. बोलणं सोडून बाकी जो आवाज असेल, तो फोन पुसून टाकतो, पलीकडच्या माणसाला त्रास नको म्हणून. वारा, गाड्या, पंखा. तुमची कुजबूज ऐकून त्याला वाटतं, पंखा फिरतोय."

मी इकडे खुर्चीपाशी हसत सुटले. मग फोनमध्ये काकांचा चेहरा दिसला आणि हसू थांबलं. आयुष्यभर ज्या कुजबुजीवर त्यांनी मेहनत घेतली, ती फोननं कचरा म्हणून बाहेर टाकली होती.

"मग मोठ्यानं बोलायचं?" त्यांनी विचारलं.

"साधं बोलायचं, काका. माणसासारखं."

"विंगेत माणसासारखं बोलत नाहीत," काका म्हणाले आणि संहिता मिटली.

कंपनी निवडायचं तेवढ्यावर सोडून चालणार नव्हतं, म्हणून गुरुवारी काकू स्वतः मैदानात उतरल्या. वाक्यं त्यांनी दिली, काकांनी निकाल. शिकवणीच्या बाईंच्या कंपनीवर सात वाजेपर्यंत सगळं सुरळीत चाललं, मग चित्र थिजलं आणि काकूंचा "नाही" माझ्यापर्यंत आला तेव्हा मी पुढची दोन वाक्यं बोलून बसले होते. दुकानदारांची कंपनी झकास होती, पण मधेच बंद पडली. तक्रारीला फोन लावला तर एक यंत्र 'एक दाबा, दोन दाबा' म्हणत राहिलं. काकू शेवटी त्यालाच म्हणाल्या, "तुझा गळा दाबू का?" नर्सताईंची गल्लीतली कंपनी कागदावर सगळ्यांत हळू. पण काकूंचा आवाज प्रत्येक वेळी माझ्या श्वासाच्या आत आला. आणि लाइनमनचं घर काकूंच्या खिडकीतून दिसतं.

"या खिडकीतून हाक मारली तर ऐकू येईल ना?" काकूंनी त्याला विचारलं.

"तुमची येईल, काकू," तो म्हणाला. "काकांची नाही."

त्याच दिवशी भिंतीला भोक पाडून तार आत आली. कंपनी ठरली. आता फक्त आवाज राहिला होता, आणि तो कुठल्याच कंपनीकडे मिळत नव्हता.

शुक्रवारी सकाळी मी गेले, तर काका टेबलाशी आणि काकू पार बाल्कनीत, पाठ फिरवून. मधे स्वयंपाकघराचा नळ धो धो सोडलेला.

"वाट चुकले म्हणून नाही," काका म्हणाले.

"ऐकू आलं नाही!" काकू ओरडल्या.

"वाट चुकले म्हणून नाही."

"शेजाऱ्यांचा पंखा चालू आहे वाटतं!"

"अगं, घसा दुखतोय."

"घसा नाही, लाज दुखतेय तुमची! लग्नाला होकार दिलात तोसुद्धा मी तीनदा विचारल्यावर कळला!"

"चौथ्यांदा," काका एकदम म्हणाले. "चौथ्यांदा विचारलंस तू!"

ते वाक्य नळावरून, खोलीतून, बाल्कनीपर्यंत पोचलं. खाली रस्त्यावरच्या माणसानंही वर बघितलं. काकू सावकाश वळल्या, आत आल्या आणि नळ बंद केला.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच आवाज. संध्याकाळपर्यंत कुठे हरवू नका."

संध्याकाळची तालीम सुरू झाली. ताई पहिल्या रांगेत, हातावर हात घट्ट धरून बसलेली. खुर्चीवर फोन, फोनमध्ये काका, इस्त्रीचा सदरा घालून. पहिल्या अंकात कुणीच काही विसरलं नाही. नट इतके शहाणे नेमके नको तेव्हाच होतात. मी तर वाट बघत होते, कुणीतरी विसरा रे. मुद्दाम विसरायचं नाही, असं ताईनं बजावलं होतं.

दुसऱ्या अंकात माझं वाक्य आलं. "दार उघडं होतं म्हणून मी आत आले..." आणि खरंच, शपथेवर सांगते, त्याच वाक्यावर मी कोरी झाले. आठवडाभर तिथेच थांबायची सवय लावलेली, पाय आपोआप थांबले. समोर नायक डोळे मोठे करून बघतोय.

"वाट चुकले म्हणून नाही."

खुर्चीतून आवाज आला. भारदस्त, थोडा खरखरीत, कुणीही आजवर न ऐकलेला. इतका अनोळखी, की नायकानं नाटक सोडून वळून खुर्चीकडे पाहिलं. रंगमंचामागचा सुतार हातोडी घेऊन बाहेर आला.

फोनमध्ये काका घाबरले. "काय झालं? उशिरा आलं का? लाइन गेली का?"

ताई उठली, विंगेत आली, खुर्चीसमोर वाकली. "नाही, काका. वेळेवर आलं. पण प्रयोगात एवढा आवाज प्रेक्षकांना जाईल."

काकांचा चेहरा पडायच्या आत मी धावले. फोनच्या कडेचं बटण मी दाबत राहिले, आवाज बारीक, आणखी बारीक. "काका, बोला."

"वाट चुकले म्हणून नाही," काका तिकडे पूर्ण आवाजात म्हणाले.

इकडे ते माझ्या कानापाशी आलं आणि थांबलं. एक वीतही पुढे गेलं नाही. ताई दोन पावलं मागे सरकून कान देत उभी राहिली.

"तुम्ही खुशाल मोठ्यानं बोला," मी म्हटलं. "कुजबूज आम्ही इथे करून घेऊ."

ताईनं सुताराला हाक मारली. "ही खुर्ची इथेच राहील. कुणी हलवायची नाही." मग फोनकडे वळून, "चला काका, दुसरा अंक, परत सुरुवातीपासून. घेऊ या ना?"

फोनमधून भांडी ठेवल्याचा आवाज आला आणि मागून काकू म्हणाल्या, "अहो, तिनं विचारलंय. हो म्हणा."

"हो!" काका म्हणाले. पहिल्याच वेळी, मोठ्यानं.