उतरवायची राहिलेली गुढी

आमच्या मंडळाचं मंदिर लीड्समधल्या एका जुन्या चॅपेलमध्ये आहे आणि ते फक्त रविवारी उघडतं, त्यामुळे पाडवाही आम्ही जवळच्या रविवारी उरकतो. त्या वर्षी सकाळी लख्ख ऊन, आरतीला गारा आणि जेवणाला पुन्हा ऊन. इथला वसंत असाच येतो, दहादा विचार बदलत.

गुढी किचनच्या खिडकीबाहेर, वळचणीखाली उभारली होती. तिला नेसवलेला शालू एका काकूंचा, त्यांच्या लग्नातला. महिन्याभरात नातीचं लग्न होतं आणि ती तोच नेसणार होती. त्याआधी एकदा तो गुढीवर चढावा, ही काकूंची हौस.

सूर्यास्ताआधी गुढी उतरवायची, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण संध्याकाळी पुन्हा गारा आल्या, सगळे गाड्यांकडे पळाले आणि प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने उतरवली असेल. काकूंना वाटलं, शालू घडी करून कपाटात ठेवलाय. पुढचे दोन रविवार ईस्टरच्या सुट्टीमुळे हॉल बंद.

त्यानंतरच्या रविवारी मी शिडी लावून वर गेले. पालथ्या तांब्याखाली, शालूच्या चुण्यांमध्ये शेवाळाचं घरटं होतं आणि त्यात रॉबिनची मादी अंड्यांवर बसली होती. ती हलली नाही. मीच आगंतुक असल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं.

खाली मीटिंग भरली. आमच्यात मीटिंगशिवाय नारळही फुटत नाही. खजिनदार म्हणाले, आयत्या बिळावर नागोबा. नात इथेच जन्मलेली. तिनेच सांगितलं की अंड्यांचं घरटं काढणं हा गुन्हा आहे. मग लग्नात काय नेसणार, असं कोणीतरी तिला विचारलं. तिला तो शालू किती हवा होता, ते तोंडावर दिसत होतं. मला तिचं वाईट वाटलं आणि आम्हा सगळ्यांचा रागही आला.

काकू खिडकीतून बराच वेळ वर बघत होत्या.

“राहू दे,” त्या नातीला म्हणाल्या. “तुझ्या बाबाच्या वेळी इथे माझं बाळंतपण करायला कोणी नव्हतं. हिचं आपण करू.”

पुढच्या रविवारी त्या डिंकाचे लाडू घेऊन आल्या. रॉबिनला त्यांचा काही उपयोग नव्हता. ते आम्ही खाल्ले.

नात लग्नात दुसरी साडी नेसली. पिल्लं उडून गेल्यावर गुढी उतरवली, तेव्हा शालूला न निघणारे डाग पडले होते. काकूंनी तो घडी करून नातीच्या हातात दिला. म्हणाल्या, जरीचे काठ काढले की याचं दुपटं होईल, आणि तुझ्या वेळी मी आहे.