भिंगरीचा पाव

भट्टीवाले बोलायचे कमी आणि मळायचे जास्त. त्यांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कुणाचं त्यावाचून अडतही नव्हतं. पुढे पावाचं दुकान, त्यामागे भट्टी, भट्टीमागे फरशीचं लहानसं अंगण आणि त्यापलीकडे राहतं घर, एवढंच त्यांचं जग. मळलेल्या पिठाचा गोळा ते दोन्ही हातांनी हळूहळू ताणायचे आणि खिडकीसमोर धरायचे. त्याच्या पापुद्र्यातून उजेड दिसला, पण तो फाटला नाही, की म्हणायचे, "आता हा माणसात आला."

लेकीला मुलगी झाली तेव्हा त्यांनी गोड पावांचे ट्रेच्या ट्रे गल्लीभर फिरवले. "फुकट?" शेजारच्या शिंप्याने विचारलं आणि ग्रहणबिहण लागलंय का ते बघायला वर आभाळाकडे मान केली. भट्टीवाले हसले. त्या आठवड्यातलं त्यांचं ते शेवटचं हसू.

बाळाच्या टाचेतून रक्ताचे चार थेंब घेतले होते. त्या दवाखान्यात सगळ्याच बाळांचे घेत. तपासणीचा निकाल आला आणि दवाखान्यातून फोन आला, लगेच या. लेक, जावई आणि भट्टीवाले तिघंही गेले. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि पुढचं समजवायला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. बाई तरुण होत्या, पण घाई नव्हती त्यांना. लेक रडत होती, जावई भिंतीकडे बघत होता. तेव्हा बाईंनी बोलायला भट्टीवाल्यांनाच निवडलं.

"आजोबा, तुम्ही काय करता?"

"पाव."

"मग प्रथिनं तुम्हाला नवी नाहीत. मैदा मळला की त्याला चिवटपणा येतो ना, तो प्रथिनांचाच. दूध, अंडी, डाळी, सगळ्यांत ती असतात. आपल्या अंगात तर जागोजागी. केस, नखं, स्नायू, सगळे त्यांचेच बनलेले. रक्तातून प्राणवायू वाहून नेणारंही प्रथिनच, आजाराशी लढणारीही प्रथिनंच. आणि काही निव्वळ कामकरी असतात. शरीरात एका पदार्थाचा दुसरा करायचा, तर ते काम यांचं."

"आणि ती कशाची होतात?"

"अमिनो आम्लांची. वीस प्रकार. त्यांचा क्रम बदलला की प्रथिन बदललं, अक्षरं तीच पण शब्द वेगळा, तसं. यातली अकरा शरीर घरच्या घरी तयार करतं. नऊ मात्र बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात."

मग बाईंनी खुर्ची पुढे ओढली. बाहेरून येणाऱ्या त्या नवांपैकी एक होतं फेनिलअ‍ॅलनिन. त्यातलं गरजेपुरतं वापरून झालं की उरलेल्याचं टायरोसीन नावाचं दुसरं अमिनो आम्ल करायला एक कामकरी प्रथिन असतं. बाळाच्या अंगात तोच कामकरी धड नव्हता. त्यामुळे उरलेलं साचत जाणार आणि वाढत्या मेंदूला इजा करणार.

"मग ते देऊच नका तिला!" जावई एकदम म्हणाला.

"तसंही चालत नाही. ते नवांतलं आहे, अजिबात नसेल तर ती वाढणारच नाही. मोजून द्यायचं, आईचं दूधसुद्धा मोजून. आणि टायरोसीन आपल्यासाठी घरचं, हिच्यासाठी मात्र बाहेरचं झालं. ते आणि बाकीची सगळी हिला एका खास पावडरीतून मिळतील. वेळेत कळलंय. नीट सांभाळलंत तर इतर मुलांसारखी शिकेल, खेळेल, तुम्हाला भंडावून सोडेल."

"आणि मैदा?" भट्टीवाल्यांनी विचारलं.

"मैद्यातही ते आहेच, आजोबा. तुमचा पाव तिला नाही चालायचा."

बाई पुढे बरंच बोलल्या. भट्टीवाल्यांच्या कानांनी दार तिथेच लावून घेतलं होतं.

घरी येऊन ते भट्टीत उभे राहिले. मैदा टेबलावर होता, तराजूवर होता, खिडकीच्या गजांवर होता. आरशात पाहिलं तर भुवयांवरही होता. ज्याच्या जिवावर लेकीला लहानाची मोठी केली, तोच आता नातीच्या जिवावर उठलाय, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्या दिवसापासून अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय त्यांनी बाळाला हात लावला नाही.

मुलगी वाढली. एका जागी ठरत नसे, म्हणून तिला भिंगरी म्हणू लागले. त्या पावडरीच्या उग्र वासाने मोठ्यांचं तोंड वाकडं व्हायचं, पण ही नाक चिमटीत धरून पेला रिकामा करायची आणि "संपलं!" म्हणून ओरडायची. बोटाच्या थेंबभर रक्ताचे निकाल चांगले येत होते. लेक आणि जावई कामावर गेले की दुपारभर ती आजीकडे असे. अंगणात खेळता खेळता भट्टीच्या दाराशी यायची, आणि आतून आवाज यायचा, "मागे हो! मागे हो आधी!"

एरवी आजोबा तिच्यापुढे लोण्यासारखे मऊ. द्राक्षं आणायचे, खांद्यावर बसवायचे. पण भट्टीचा उंबरठा आला की कपाळाला आठ्या. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हे तर ताकाच्या भांड्यालाही हात लावू देत नव्हते.

त्यांना सारखं वाटायचं, सगळ्या गल्लीला पाव घालतो आणि पोटच्या लेकीच्या लेकराला नाही. शेवटी भट्टी थंडावली की ते घरातल्या ओट्यापाशी उभे राहू लागले. मक्याचं आणि बटाट्याचं स्टार्च आणलं. त्यात प्रथिन जवळजवळ नाहीच. पण म्हणजे चिवटपणाही नाही. ताणायला जावं तर गोळा हातातच कोसळायचा. यीस्टने फुगायचा आणि ओव्हनमध्ये बसका व्हायचा, वर तडा जायचा. आयुष्यभर पावाची नाडी ओळखणारा माणूस या पांढऱ्या भुकटीपुढे हात टेकून बसला.

"ही वीट ठेवून द्या," एका दुपारी बायको तो पाव ओट्यावर आपटत म्हणाली. "अजून थोड्या झाल्या की एक खोली वाढवू."

"अगं, चव तरी बघ."

"बघितली. दात शाबूत आहेत ते नशीब."

मग इसबगोल भिजवून घातल्यावर गोळा जरासा धरून राहू लागला. पाणी कमीजास्त करता करता एक पाव असा निघाला की सुरी फिरवल्यावर त्याचे काप पडले, चुरा झाला नाही. भट्टीवाल्यांनी तो कापडात गुंडाळून लेकीच्या घरी नेला. भिंगरीने वास घेतला.

"भट्टीत केलात?"

"नाही गं, घरात. ओट्यावर."

"मग हा खोटा पाव आहे," ती म्हणाली. पण कडेने कुरतडून तिने एक काप संपवला.

पुढच्या तपासणीला लेकीला सुट्टी मिळाली नाही, म्हणून भट्टीवाले नातीला घेऊन गेले. त्याच बाई होत्या, आता केसांत थोडी चांदी. त्यांनी भिंगरीला विचारलं, "पाव कोण करून देतं तुला?"

"आजोबा."

"अरे वा! मग तूही भट्टीत मदत करत असशील?"

"नाही. मला आत येऊ देत नाहीत. मी वाईट आहे ना, म्हणून. 'मागे हो' म्हणतात."

बाईंनी भट्टीवाल्यांकडे पाहिलं. भट्टीवाल्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"सगळीकडे मैदा असतो हो," ते कसेबसे म्हणाले. "उडतो. अंगाला लागला, नाकात गेला, तर?"

"आजोबा, काही लोकांना एखाद्या गोष्टीच्या नुसत्या कणानेही त्रास होतो, पण तो आजार वेगळा. इथे पोटात किती गेलं याचाच हिशेब. हाताला लागलेल्या मैद्याने हिला काही होत नाही. खायचा नाही, खेळून झालं की हात धुवायचे. बस."

"म्हणजे इतकी वर्षं..."

"मला विचारायचंत तरी."

परतीच्या बसमध्ये भिंगरी खिडकीला नाक लावून बसली होती. दोन थांबे गेले, तेव्हा त्यांनी तिचा हात हातात घेतला.

"तू वाईट नाहीस. मला कळलं नव्हतं. घाबरलो होतो मी."

"मैद्याला?" तिला हसूच फुटलं. "तुम्ही?"

"मैद्यालाच."

त्या दुपारी त्यांनी तिला उंबरठ्यावरून उचलून थेट टेबलाशी आणलं आणि स्टुलावर उभं केलं. तिने आधी एक बोट मैद्यात बुडवलं, मग पंजा, मग कोपरापर्यंत दोन्ही हात. एका बाजूला मैद्याचा गोळा, एका बाजूला तिच्या पावाचा. पहिला ताणला तर तो रबरासारखा परत आला. दुसरा ताणला तर मधोमध तुटला.

"हा लगेच रुसतो," ती म्हणाली.

"त्याला ताणायचं नसतं. नुसतं गोंजारायचं."

बायको दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती आणि भट्टीच्या धुराला बोल लावत होती. भट्टी तेव्हा विझलेली होती.

भट्टीत तिच्यासाठी वेगळी पातेली, वेगळे साचे आले. वर्षं गेली. भिंगरी शाळेत कुणाच्या वाढदिवसाचा केक समोर आला की "मला नको, मी मोजून खाते" असं बिनदिक्कत सांगायला शिकली. चिडायचीही, एकदा पावडरीचा डबा तिने अंगणात भिरकावला आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. पण चिडून झालं की पेला उचलायची. बाईंनी पाठवलेली आणखी दोन कुटुंबं तो पाव न्यायला येऊ लागली.

शाळा संपवून ती दुसऱ्या गावी शिकायला निघाली, तेव्हा भट्टीवाल्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता. ते स्टुलावर बसून सांगत होते आणि ती मळत होती. तिकडे तिचा तिला पाव करता यायला हवा, असा त्यांचा हट्ट.

"आजोबा," ती अचानक म्हणाली, "खरं सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"हा पाव मला कधीच फारसा आवडला नाही."

भट्टीवाले पोट हलवून हसायला लागले, इतके की शिंपी दुकान सोडून बघायला आला.

"अगं, मग इतकी वर्षं खाल्लास कशाला?"

"तुम्ही समोर बसून बघत असायचात ना! काय बिशाद होती नाही म्हणायची?"

त्यांनी डोळे पुसले, काठी टेकून उठले आणि बाही वर सारली. "काय चुकतं? मीठ?"

"मीठ कमी. आणि कड फार जाड."

"सरक बाजूला," ते म्हणाले, "आणि बरणी आण ती मिठाची."