शाळा उठली नाही

माझी थोरली सवत नोंकिशू मला ‘वासरा’ म्हणते आणि मीही तिला ‘वासरा’च म्हणते. मी नवरी होऊन आले तेव्हा तिनं मला एक कालवड दिली होती. आम्हा गुरं राखणाऱ्यांत देणारी आणि घेणारी त्या जनावराच्याच नावानं एकमेकींना हाक मारतात. बाकी तिच्यात वासराचं काही नाही. हट्टाला पेटली की रानरेड्यालाही लाजवील.

आमच्याकडे घरं बायका बांधतात, म्हणून शाळाही आम्हीच बांधली, शेणामातीनं लिंपून. माझं लिंपण तर तिनं खरवडून पुन्हा करायला लावलं. बाहेरून आलेला मास्तर टिकेना, तेव्हा तिनं नाइसुला नावाची आमच्यातलीच शिकलेली मुलगी शिकवायला बसवली. दुपारी पोरांना मक्याची पेज आणि दूध. गाय नवऱ्याची असली तरी दूध बायकोचं, त्यामुळे पुरुषांपुढे हात पसरायचा प्रश्नच नव्हता.

त्या वर्षी पाऊस फिरकलाच नाही. आमचा नवरा, पारमुआत त्याचं नाव, गुरं घेऊन लांबच्या डोंगराकडे निघाला. पोरांनाही नेणार होता. नोंकिशूनं भांडून पोरं आणि त्यांच्या दुधासाठी घराघरातली एकेक दुभती गाय मागे ठेवून घेतली. शाळेमागे काट्यांचं कुंपण घालून आम्ही थोडं गवत राखलं होतं, त्यावर त्या जगतील असा तिचा हिशेब. जाताना पारमुआत एवढंच म्हणाला, “दूध आटलं की पोरं माझ्याकडे. मग शाळाबिळा मला सांगायची नाही.”

तेव्हापासून माझा जीव टांगणीला. माझी लेक नासिएकू नुकती अक्षरं जोडायला लागली होती. डोंगरात गेली की ती कायमची गुरांमागे जाणार, हे मला दिसत होतं. सकाळी उठल्यावर मी आधी गवत बघायची, मग आभाळ.

एका दुपारी एक अनोळखी माणूस हाडं वर आलेल्या गाई घेऊन कुंपणाशी येऊन उभा राहिला. मागे बायको आणि पोरं, पोरांच्या ओठांना भेगा. गवत मागणाऱ्याला आमच्यात कुणी नाही म्हणत नाही. तरी मी नोंकिशूच्या कानाशी लागले. सांग, गवत आजारी गुरांसाठी आहे. सांग, काहीही सांग.

“वासरा, गप्प बस,” ती म्हणाली आणि काटे बाजूला ओढायला लागली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “जगव परक्यांच्या गाई. माझी पोर जाऊ दे गुरांमागे!” त्या भेगाळल्या ओठांच्या पोरांना तिनं नेऊन नाइसुलासमोर बसवलं.

व्हायचं तेच झालं. गवत संपलं, पेज पाण्यासारखी झाली आणि एकामागून एक गाई आटल्या. पारमुआतचा निरोप आला, पोरं घेऊन या. निरोप ऐकून नोंकिशू रिकामं भांडं घेऊन आटलेल्या गाईखाली पुन्हा बसली. ते मी कधी पाहिलं नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला, नुसती भीती उरली.

ती उठून नाइसुलाकडे गेली. डोंगरात पुरुषांचा तळ, तिथं मला कोण शिकवू देणार, असं नाइसुला म्हणत होती.

“ते मलाही माहीत नाही,” नोंकिशू म्हणाली. “पण तू चल.”

गाढवं लादायचं काम आमचंच. कातडी, भांडी चढवून झाल्यावर तिनं एका गरीब गाढवावर फळा बांधला. वाटेत सावली दिसली की नाइसुला तो झाडाला टेकवायची आणि पोरं समोर बसायची, आमच्याबरोबर निघालेल्या त्या परक्यांचीसुद्धा. माझं लक्ष धड्यात नव्हतं. पारमुआत हात उगारणारा नाही, पण एकदा ‘नाही’ म्हणाला की संपलं. तेच ‘नाही’ मी सगळ्या वाटेत ऐकत होते.

तळाशी पोचलो तेव्हा तो काठी टेकून उभा होता. त्यानं आधी पोरं पाहिली, मग गाढवावरचा फळा.

“हे काय आणलंस?”

“पोरं घेऊन या म्हणालात,” नोंकिशू म्हणाली. “ती शाळेत बसली होती. मी उठवली नाहीत.”

मी नासिएकूचा हात इतका घट्ट धरला की ती कळवळली. मग पारमुआत तळावरच्या मोठ्या झाडाकडे गेला आणि त्याखाली बसलेल्या शेळ्या काठीनं उठवून उन्हात हाकलू लागला.