अण्णा, हे मिस्टर झाले!

लग्नाला सहा वर्षं झाल्यावर माझा नवरा मिस्टर झाला.

ऐंशीच्या दशकातली, कॉव्हेंट्रीतली गोष्ट. हे कान-नाक-घशाचे सर्जन होण्यासाठी रक्त आटवत होते, मी जी.पी., म्हणजे साधी फॅमिली डॉक्टर होते, आणि जेवताना आमच्या घरात दुसऱ्यांच्या टॉन्सिल्सशिवाय विषय नसायचा. आता इंग्लंडात एक खुळी पण फार मानाची चाल आहे. डॉक्टर एफ.आर.सी.एस. होऊन सर्जन झाला, की त्याच्या नावाआधीचं 'डॉक्टर' जातं आणि तो 'मिस्टर' होतो. हे पास झाले आणि मला आकाश ठेंगणं झालं. सासऱ्यांना कळवायचा मान यांचा होता. तो मी पटकावला (मला कुठे धीर असतो!) आणि कराडला फोन लावला.

अण्णांनी जन्मभर एका दवाखान्यात कंपाउंडर म्हणून औषधाच्या बाटल्या भरल्या होत्या. दुसऱ्याला 'डॉक्टरसाहेब' म्हणता म्हणता आयुष्य गेलं, पण आपल्या पोराला लोक डॉक्टर म्हणतात, या एका सुखावर ते जगत होते. फोन शेजाऱ्यांचा, लाइन खरखरीत. मी ओरडले, "अण्णा, हे मिस्टर झाले!"

"कुणाचे?"

"माझे!"

मग अण्णा जपून म्हणाले, "ते झालेत की, सूनबाई. लग्नाला मी होतो."

मी घाईघाईने खुलासा केला, की तसं नाही, आता यांना कुणी डॉक्टर म्हणणार नाही. आणि नेमकी तिथेच लाइन तुटली, ती पुन्हा लागलीच नाही.

पुढच्याच महिन्यात अण्णा कोट-टोपी घालून हीथ्रोला उतरले. येणार होतेच, पण आता चेहरा तेराव्याला आल्यासारखा. गाडीत कुणी विषय काढेना. शेवटी घरी चहा घेताना त्यांनी मुलाला विचारलं, की बाबा रे, काय केलंस ते सांग, आपण हातापाया पडू. यांनी मूळ मुद्दा सोडून इतिहास सुरू केला (विद्वान माणसाचा हाच घोळ): पूर्वी इथे सर्जन म्हणजे न्हावी असायचे, डॉक्टर नव्हेत, म्हणून त्यांना मिस्टर म्हणायचे, ती परंपरा आहे. अण्णांनी कप खाली ठेवला.

"मग इतक्या लांब कशाला आलास? आपल्या बाळू न्हाव्याने कराडातच शिकवलं असतं."

मी समजूत घालायला गेले, तर त्यांना वाटलं सूनबाई नवऱ्याला पाठीशी घालतेय. शेवटी म्हटलं, प्रत्यक्षच बघू देत, आणि त्यांना यांच्या ओ.पी.डी.त घेऊन गेले. तिथे दारातच नावांचा बोर्ड. कालपरवा मिसरूड फुटलेली पोरं सगळी डॉक्टर, आणि आमचे हे मिस्टर. वर यांचे साहेब, तेही मिस्टर! अण्णा माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "साहेबाचंही काढून घेतलंय. दोघांनी मिळून केलेलं दिसतंय."

शेजारी एक गोऱ्या आजीबाई बसल्या होत्या. अण्णांना राहवेना. दवाखान्यातल्या ठेवणीतल्या इंग्रजीत त्यांनी यांच्या खोलीकडे बोट दाखवलं. "माय सन. डॉक्टर."

"ओ नो, लव्ह," आजीबाई प्रेमाने म्हणाल्या, "ही इज अ मिस्टर!"

पेशंटपर्यंत बातमी पोचलेली बघून अण्णांनी डोळेच मिटले. पण आजीबाई थांबायला तयार नव्हत्या आणि मी भराभर मराठीत सांगत होते. आजीबाईंना कित्येक वर्षं ऐकू येत नव्हतं. डॉक्टर पुष्कळ झाले, सगळ्यांनी वय झालं म्हणून वाटेला लावलं. मग या मिस्टरांनी कानात तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी बसवलं, आणि नातीचा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला. एवढं सांगून त्यांनी अण्णांचा हात हातात घेतला आणि सोडेचनात.

अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"म्हणजे हे डॉक्टरच्या वरचं असतं?"

"हो, अण्णा."

"मग तसं सांगावं की, सूनबाई! महिनाभर माझ्या घशाखाली घास उतरला नाही."

मला हसूही येत होतं आणि रडूही. त्या दिवसापासून आमच्या घरी दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत प्रत्येकाला अण्णा दारात गाठून सांगायचे, "माय सन. नॉट डॉक्टर!" आणि छाती अशी फुगवायचे की कोटाची बटणं ताणायची. यांच्याकडे बघून मलाही अभिमानाने भरून यायचं, खोटं कशाला बोलू?

परत निघायच्या दिवशी मी पाया पडले. अण्णांनी डोक्यावर हात ठेवला आणि बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या नावाआधी मात्र अजून डॉक्टरच लागतं ना?"

"हो."

"मनाला लावून घेऊ नका," ते मायेने म्हणाले. "संसार सांभाळून माणूस करणार तरी किती? पण अभ्यास सोडू नका, सूनबाई. एक दिवस तुम्हीही मिस्टर व्हाल."