परसातले बुटांचे ठसे

माझे अप्पा, सुंदरराव, रेल्वेत नोकरीला लागले आणि तिथल्या गोऱ्यांचं बघून बॉक्सिंग शिकले. १९३१ साली मद्रासेत हेवीवेट चॅम्पियन झाले. त्या सामन्यात तिसऱ्या फेरीला त्यांचा ठोसा बसला आणि हॅरिस नावाचा सोल्जर पडला तो उठलाच नाही.

अप्पा आमच्या गावी, कुंभकोणमला परतले, पुन्हा कधी सामना खेळले नाहीत. पण रोज पहाटे अम्माने परसात सडा घातला की ते अनवाणी उतरत आणि तीन फेऱ्या हवेशी लढत. आत येत तेव्हा डाव्या डोळ्याखाली काळंनिळं झालेलं असे. ओल्या मातीत त्यांच्या पावलांसमोर बुटांचे ठसे असत. अम्मा ते सारवून टाकी.

गेल्या महिन्यात अप्पा वारले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी परसात नुसतेच बुटांचे ठसे होते, गोल गोल फिरलेले. अम्मा खवळली.

"मेल्या, गेले ते! आता कोण उरलंय तुझ्याशी लढायला?"

मी कोर्टातला कारकून. उभ्या जन्मात कुणावर हात उगारला नाही.

आज सकाळी दाढीसाठी आरसा घेतला. डाव्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं.