पोलक्यातला कापूस

कापूस वेचून झाला की आमची झडती व्हायची. धुळ्याजवळच्या आमच्या गावात ती रीतच होती. आबांच्या खळ्यात काटा टांगलेला. वजनाआधी आबांची बायको, जिला सगळे अक्का म्हणत, एकेकीच्या पोलक्यात हात घालून बघायची. कापूस लपवला का म्हणून. आबांच्या भाऊबंदातल्या बायाही वेचायला यायच्या. त्यांची झडती नाही. फक्त आमची, बौद्धवाड्यातल्यांची. कापूस म्हणे आमच्याच अंगाला चिकटतो.

त्या दिवशी मायच्या पोलक्यात अक्काच्या हाताला कापूस लागला. तिनं ओढून काढला. जुन्या धोतराच्या फडक्यात शिवलेला गोळा. घामानं पिवळा पडलेला.

"काय शे हाई? शिवीसन लई जास का, चोट्टी?"

मायचं पोलकं डावीकडे सपाट पडलेलं. तेव्हा अक्काला कळलं. तिनं गोळा कापसाच्या ढिगावर फेकला, बोटं पदराला पुसायला गेली, पदरालाही नको वाटलं, मग मातीत घासली.

"छी."

काट्यापाशी आबा बसलेले. म्हणाले, "ते ढिगातून काढा रे. रोग लागी जाई." गडी हसले.

मला किळस आली. मायची नाही. मातीत घासलेल्या त्या बोटांची. अजून येते.

मायच्या छातीत गाठ आली ती हरभऱ्याएवढी होती तेव्हाच तिनं धुळ्याला दवाखान्यात जायला सुट्टी मागितली होती. हीच अक्का म्हणाली, "दुखस का? नही ना? मंग येच." ही गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही, हे आम्हाला कुठं माहीत. माय वेचत राहिली. कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, काखेत दुसरी गाठ आली, तेव्हा गेलो. मोठे डॉक्टर मायकडे न बघता मला म्हणाले, "इतके दिवस झोपला होता का? तुमच्या लोकांना अंगाचं काही नसतं."

एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मात्र मला खुर्ची दिली. त्यांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. म्हणाल्या, प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. काही बोटाखाली पळतात, काही रुतून बसतात, पण बोटावरून ठरवायचं नाही, तुकडाच सांगतो. मायचा कॅन्सर दुधाच्या नळीत सुरू होऊन बाहेर पसरला होता. हे पाप नाही, शिवल्यानं लागत नाही. मावशीही अशाच गाठीनं गेली, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तू जास्त जप."

मायचा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या. मुंबईला नेऊन रेडिएशनचे शेक दिले. त्या बाजूच्या हाताला काही टोचू द्यायचं नाही, हात सुजतो, असं बजावलं होतं. आणि माय त्याच हातानं बोंडाच्या वाळल्या टोकांतून कापूस ओढत होती. नाही ओढला तर खायचं काय?

त्या दिवशी खळ्यात मायनंतर माझा नंबर होता. मी जळगावच्या कॉलेजातून सुट्टीला आलेली. ढिगापाशी गेले. गोळा उचलला, झटकला. सगळ्यांसमोर मायच्या पोलक्यात घातला आणि नीट बसवला. मग अक्काकडे वळले.

"माझ्या अंगाला हात लावायचा नाही. झडती घ्यायची तर तुमच्या सुनेपासून घ्या."

"कालेजमा जास म्हनीसन जीभ फुटनी का तुले?"

"हो. फुटली."

माझ्यामागे शेजारची काशीमावशी होती. तिनं गाठोडं खाली टाकलं. "हाई पोर खरं बोलस. आबा, सकाय तुम्हीच येचा."

दुसऱ्या दिवशी बौद्धवाड्यातली एकही बाई गेली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. फुटलेला कापूस झाडाला लोंबायला लागला, वाऱ्यानं मातीत पडायला लागला. भाऊबंदातल्या बायांना तो आवरेना. शेवटी आबा वाड्यात आले. टोपी हातात.

"चला बायांनो. झडती नही."

"मोठ्यानी सांगा आबा," काशीमावशी म्हणाली. "अक्काले आयकू येऊ द्या."

त्यांना मोठ्यानं सांगावं लागलं.

माय त्या शेतात परत गेली नाही. रोग हाडांत उतरला होता. उन्हाळ्यात ती गेली. आधी आलो असतो तर वाचली असती का, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. सुट्टी कोणी दिली नाही, ते मला माहीत आहे. अक्काला माफ केलं का, असं लोक विचारतात. नाही. करणार नाही.

मी बी.एस्सी. झाले, आमच्या घरातली पहिली. दर महिन्याला पाळी संपली की बोटं सपाट ठेवून स्वतःची छाती तपासते, काखेपर्यंत. वाड्यातल्या बायांना तेच शिकवते. न दुखणारी गाठ घेऊन कोणीही वेचायला जायचं नाही, मालक काहीही म्हणो.

त्या हंगामापासून आमच्या गावात झडती बंद आहे. पोलक्यात आता आमचाच हात जातो. गाठ बघायला.